मांडवाचा पाला ते लॉन्सचा ढीग : लग्नातल्या फुलांची खान्देशी गोष्ट



लग्नसराई उतरली. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव या रस्त्यावर (आपला जुना ६ नंबर, आताचा ५३) लॉन्स नि मंगल कार्यालयांची रांगच लागली आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मागच्या भिंतीकडं जाऊन बघा. झेंडू, गुलछडी, जरबेरा, गुलाब, सगळं एकात एक. त्यात नायलॉनची दोरी, टाचण्या, तार, थर्माकोलचे तुकडे आणि तो हिरवा स्पंज. मोकाट गाई तोंड घालतात, फुलाबरोबर दोरी पण पोटात जाते. तोच झेंडू आदल्या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी तोडून, क्रेटात भरून, टेम्पोनं पाठवलेला असतो.

या फुलांचं काय करता येईल, खत होतं का, ते लिहा असं बऱ्याच जणांनी सांगितलं. लिहितो. पण आधी हा ढीग आला कुठून ते बघू. चाळीस वर्षांपूर्वी आपल्याकडं लग्नं कमी नव्हती, ढीग मात्र नव्हता.

१९८० च्या आसपासचा मांडव आठवा. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. लग्नाच्या आधी गाडी जुंपून शिवारातून डहाळे आणायचे. आंबा, जांभूळ, उंबर. बांबू नि बल्ल्या भाऊबंदांकडून. दारात केळीचे दोन खांब. वरती रंगीत कागदाच्या पताका, पोरांनी खळ लावून चिकटवलेल्या. बाशिंग भेंडाचं नाहीतर कागद-बेगडीचं. फूल म्हणाल तर नवरा-नवरीचे हार, देवाला थोडी, झालं. लग्नं चैत्र-वैशाखात, विहिरी तळाला गेलेल्या, फूल येणार कुठून? फुलमाळ्याच्या मळ्यात पाटाच्या पाण्यावर मोगऱ्याचे दोन-चार वाफे असत, कारण मोगरा नेमका उन्हाळ्यातच फुलतो. तोच सगळ्या गावाला पुरवायचा. बदल्यात पुष्कळ ठिकाणी सुगीला धान्य मिळायचं. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली आलं, त्यात ही बलुत्या-अलुत्याची पद्धत कशी चालायची ते सविस्तर आहे. जमलं तर मिळवून वाचा.

मांडव मोडला की काय व्हायचं? पाला शेळ्या खायच्या. वाळक्या काड्या चुलीत. केळीचे खांब चिरून गुरांना. बांबू गोठ्याला. कागद, हार, उरलंसुरलं उकिरड्यावर, आणि उकिरडा मृगाआधी शेतात. चार दिवसांनी दारात खड्डे तेवढे राहायचे, बल्ल्या रोवलेले.

हे सांगताना जुनं ते सगळं सोनं असं मला म्हणायचं नाही. दर उन्हाळ्यात बांधावरची झाडं ओरबाडली जायची. फुलं कमी होती ती शहाणपणामुळं नाही, पाणी नि पैसा नव्हता म्हणून. पण एक गोष्ट खरी, की मांडवात लागणाऱ्या प्रत्येक वस्तूचं पुढचं काम आधीच ठरलेलं होतं.

फुलांचा मोठा बाजार पेशव्यांच्या पुण्यात होता. महात्मा जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं कटगुणचं, सातारा जिल्ह्यातलं. आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांच्या वाड्यावर फुलं पुरवायचा धंदा केला म्हणून ‘फुले’ झाले, त्यांना इनाम जमीनही मिळाली होती. त्याच घरातल्या माणसानं १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लावलं. भटजी नाही, हुंडा नाही, खर्च जवळजवळ पानसुपारीपुरता. आणि जोतीराव फुलांच्या धंद्याला नावं ठेवणारे नव्हते, ते घरच त्या धंद्यावर उभं होतं. लग्नापायी शेतकरी कर्जात जातो हे त्यांचं म्हणणं होतं, आणि ते आज आपल्या गावात कोणीही बोटावर मोजून दाखवील.

आता झेंडू. दसऱ्याला दाराला झेंडू नाही असं घर आपल्याकडं नाही, म्हणून आपण त्याला अगदी जुना, आपला मानतो. पण हे झाड मूळचं मेक्सिको नि त्याच्या आसपासचं. सोळाव्या शतकात समुद्रापलीकडून आपल्याकडं आलं, बहुधा पोर्तुगीजांच्या जहाजांतून. मिरची, मका, भुईमूग, पेरू, सीताफळ, टमाटं ही सगळी तिकडचीच मंडळी. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्या माणसांची आठवण म्हणून सण असतो. तेव्हा घरात नि स्मशानात झेंडूच्या पाकळ्यांच्या वाटा करतात. आपण तेच फूल लग्नाच्या मांडवाला बांधतो. फुलाला काय, कुठंही चालतं.

तर या परक्या झाडाला आपल्या शेतकऱ्यानं घरचं कसं केलं? उरलेल्या फुलातूनच केलं. दसऱ्याचं तोरण दारावर वाळायचं. ते फेकायचं नाही. काढून मडक्यात नाहीतर फडक्यात बांधून आढ्याला ठेवायचं, मृगाच्या पावसात चुरगाळून परसात टाकायचं. काळी सुईसारखी बी, पंधरा दिवसांत रोप हजर. आमच्या घरी बियाण्याचं पाकीट कधी आणलेलं मला आठवत नाही. गावठी झेंडू असा तोरणातून तोरणात शेकडो वर्षं चालत राहिला. आताच्या लग्नातल्या झेंडूचं तसं होत नाही. संकरित वाण, भरगच्च पाकळीचं फूल, त्यात बी धरतच नाही किंवा धरलं तरी पुढं तसंच फूल येत नाही. ‘कलकत्ता’ म्हणून जो चालतो तो तर फाट्यावरूनच लावतात. म्हणून लॉन्सवरचा झेंडू वाळवून बी ठेवायच्या भानगडीत पडू नका. गावठी असेल तर जरूर ठेवा, ते आता शोधावं लागतं.

फुलाचं दुसरं मोठं काम होतं रंगाचं. सातपुड्याच्या पायथ्याला ज्यांची शेतं आहेत त्यांना पळस सांगायला नको. फाल्गुनात झाडाखाली सडा पडलेला, तो गोळा करायचा, उकळायचा, होळीचा रंग तयार. झाडावरून तोडलेलं फूल नाही हे, गळालेलं. आणि करडई! आज आपण ती तेलासाठी ओळखतो. ज्वारी-हरभऱ्याच्या कडेनं काटेरी करडईचे तास टाकायचे, ढोरं आत शिरत नाहीत. पण आधीच्या काळात तिच्या पाकळीला मोल होतं. तिचं नाव कुसुंबा, आणि कुसुंबी रंग तो हाच. पाकळी वेचायची ती फूल कोमेजायला लागलं की, म्हणजे बी पण हाती येतं. पाकळ्या पाण्यात तुडवून आधी पिवळा रंग काढून टाकायचा, मग खाराच्या पाण्यात लाल रंग उतरवायचा, मग लिंबाचा आंबटपणा देऊन तो कापडावर बसवायचा. त्याच एका झाडापासून तेल, पेंड, भाजी, कुंपण आणि रंग. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं करडईवर बरीच वर्षं काम केलं, बिनकाट्याचे वाण काढले, पाकळ्यांच्या उपयोगावर पण काम केलं. बिनकाट्याचं महत्त्व ज्यानं काटेरी करडई हातानं उपटली त्यालाच कळेल.

हे रंगाचं काम गेलं कसं? विल्यम पर्किन नावाच्या पोरानं, अठरा वर्षांचा होता, १८५६ मध्ये लंडनला डांबरापासून जांभळा रंग केला. करायला गेला होता मलेरियाचं औषध. १८६९ मध्ये मंजिष्ठाच्या मुळीतला लाल रंग कारखान्यात करता यायला लागला. आपल्या शेजारच्या बऱ्हाडापासून बुंदेलखंडापर्यंत ‘आल’ नावाच्या झाडाची मुळी रंगासाठी लावायचे, ते पीक त्यानं बसलं. १८९७ मध्ये जर्मनीतून कारखान्याची नीळ आली, निळीची शेतीही आटोपली. पळस, कुसुंबा यांना रंगारी विचारीनासा झाला. म्हणजे फूल फेकून द्यायची वस्तू झालं त्याची अर्धी गोष्ट लग्नात नाही, रंगाच्या कारखान्यात आहे. फुलाला दुसरं काम उरलं नाही.

बाकीची अर्धी गोष्ट आपल्याच डोळ्यांसमोर घडली. जळगावातच ठिबकचा कारखाना उभा राहिला, १९९० नंतर नळ्या गावोगाव गेल्या. ठिबक नि मल्चिंगवर उन्हाळ्यात झेंडू येऊ लागला. २००५ नंतर फलोत्पादन अभियानाच्या अनुदानानं पॉलिहाऊस आले, जरबेरा आला. त्याच काळात लग्न अंगणातून उठून लॉन्सवर गेलं. ट्रॅक्टर आला, गाडी गेली, डहाळे कोण आणणार? डेकोरेशनवाला आला. आपल्याला उन्हाळी फुलाचा बाजार मिळाला, हे चांगलंच झालं. मी स्वतः अर्धा एकर झेंडू याच भरवशावर लावतो. पण डेकोरेशनवाल्यानं फुलाबरोबर काय काय आणलं ते बघा. तो हिरवा स्पंज अमेरिकेत १९५४ मध्ये निघाला. तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडचा. पाणी धरतो, फूल ताजं ठेवतो, आणि मातीत कुजत नाही, नुसता भुगा होतो. वर नायलॉनची दोरी. काही पांढऱ्या फुलांवर निळा-जांभळा फवारा मारलेला.

ढीग कुजत नाही तो यांच्यामुळं. फूल तर दोन दिवसांत सडायला तयार असतं.

कुजवायची विद्या आपल्याला नवीन नाही. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरला होते, आपल्यापासून काही फार लांब नाही, आणि तिथंही आपल्यासारखाच कापसाचा मुलूख. त्यांच्याबरोबर यशवंत वाड नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. दोघांनी मिळून १९३१ मध्ये शेतातल्या टाकाऊ मालावर पुस्तक काढलं. तीच इंदूर पद्धत. पऱ्हाट्या कुजत नाहीत ही अडचण त्यांनाही होती. त्यांनी काय करावं? पऱ्हाट्या शेतातल्या रस्त्यावर पसरल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकाखाली त्या चेंदल्या, मग खड्ड्यात घातल्या. बिनपैशाचं श्रेडर. पुढं यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांचं टाकं सांगितलं, १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच. त्यांच्याच नावाच्या अक्षरांवरून ‘नाडेप’. कमी शेणात जास्त खत, हा त्यांचा मुद्दा होता.

आता आपल्या फुलांचं. फुलात पाणीच जास्त. नुसता ढीग लावला की खाली चिकट लगदा होतो, वास मारतो, माश्या येतात. त्याला कोरडं लागतं. आम्ही घमेल्यानं मोजतो. एक घमेलं फूल, एक घमेलं पऱ्हाटीचा भुगा, नाहीतर तुराट्या, मक्याचं बुरकूट, वाळलेला पाला. प्रत्येक थरावर शेणकाला नि मूठभर माती. दहा-बारा दिवसांनी उलटायचं. मुठीत दाबलं तर ओल लागावी, पाणी गळू नये. आत हात घातला तर चटका बसला पाहिजे, तेवढी उष्णता धरली नाही तर कोरडं-ओलं यांचा मेळ बसला नाही असं समजा. आमच्याकडं अडीच महिन्यांत तयार होतं, उन्हाळ्यात झाकून पाणी मारलं तर. पऱ्हाटी बारीक करूनच घाला. बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी बसलेली असते हे आता सगळ्यांना माहीत आहे, तिचाही बंदोबस्त यात होतो.

एक गैरसमज काढून टाकतो. झेंडूनं सूत्रकृमी मरतात म्हणून काही जण लॉन्सवरची फुलं आणून केळीच्या बुडाशी टाकतात. झेंडूचं ते काम मुळीचं आहे. जिवंत मुळीतून जे द्रव्य येतं त्यानं सूत्रकृमी दबतात, म्हणून झेंडू शेतात उभा असला पाहिजे, आंतरपीक किंवा फेरपालट म्हणून. टमाट्यातला झेंडू वेगळ्या कारणानं असतो. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेनं टमाट्याच्या ओळींमध्ये झेंडूची ओळ सांगितली ती घाटेअळीनं झेंडूवर अंडी घालावीत म्हणून. तोडलेल्या फुलाकडून यातलं काही होत नाही. बुडाशी टाकलेलं फूल आच्छादन म्हणून ठीक आहे, औषध म्हणून नाही.

दुसरं, गुरांना घालू नका. कोंबड्यांनाही नको. मेक्सिकोत झेंडूची पाकळी कोंबडीच्या खाद्यात घालून पिवळा बलक केसरी करण्याचा धंदा झाला, आपल्या देशातही दक्षिणेत कारखाने करारावर झेंडू घेतात आणि त्यातला रंग काढतात. पण ते त्याच कामासाठी लावलेलं फूल. लग्नाचा झेंडू खायचा नाही म्हणून तोडणीच्या आदल्या दिवसापर्यंत फवारतात, आपण सगळे जाणतो.

रंगाचं काम मात्र परत येऊ लागलंय, ही चांगली बातमी. मुंबईत रूपा त्रिवेदी यांच्या आदिव प्युअर नेचर या संस्थेनं सिद्धिविनायक मंदिरातल्या फुलांपासून कापड रंगवायचं काम उभं केलं. कानपूरची ‘फूल’ कंपनी देवळातल्या फुलांची अगरबत्ती करते. आपल्या बचत गटांना झेंडूचा रंग जमण्यासारखा आहे. हिरवा देठ काढून नुसत्या पाकळ्या तासभर उकळायच्या, गाळायचं. सुती कापडाला आधी हिरड्याचं पाणी, मग तुरटी, मग रंग. पिवळा पक्का बसतो. शेवटी जरा हिराकस दाखवला तर शेवाळी हिरवा होतो. धंदा म्हणून करायचा तर गिऱ्हाईक आधी शोधा. रंगवलेली फडकी कपाटात ठेवून बचत गट चालत नाही.

खरी अडचण निवडणीची आहे. दोरीतून फूल सुटं करायला एक बाई दिवसभर बसली तर तिची मजुरी निघेल एवढं खत त्यात होत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर ओला-सुका कचरा जागेवरच वेगळा करायचा असं लिहिलं होतं. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. भिंतीमागचा ढीग दोन्हींना जुमानत नाही. म्हणून हे काम मांडव सोडल्यावर करायचं नाही, मांडव बांधतानाच करायचं.

आणि इथं जळगाव जिल्ह्याला काहीतरी करता येईल असं मला वाटतं. कोकणात, गोव्यात अबोलीचे वळेसर केळीच्या सोपटात गुंफतात. तमिळनाडूत हाराला केळीचाच धागा. आपल्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, घड गेला की खांब मात्र आपण रोटाव्हेटरखाली घालतो नाहीतर बांधावर फेकतो. त्याच खांबाच्या पट्ट्या ओल्या ठेवून हार-तोरणं गुंफली तर फूल आणि दोरा दोन्ही एकाच खड्ड्यात जातात, निवडायला बाई लागत नाही. मी यंदा भाचीच्या लग्नाला चाळीस तोरणं अशी करून घेतली. पट्टी वाळली की तुटते, त्यामुळं गुंफेपर्यंत ओल्या गोणपाटात ठेवावी लागते, आणि मोठ्या जड हाराला दोन पदर लागतात. वेळ दोरीपेक्षा जास्त लागतो, साधारण दीडपट. डेकोरेशनवाल्याला पटवायचं तर तोरणामागं थोडे पैसे वाढवून द्यावे लागतील.

तिकडं प्लास्टिकची फुलं दारात उभी आहेत. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात त्यांच्यावर बंदीची मागणी विधानसभेत झाली. ती फुलं विकणारा सांगतो की कचरा नाही, दहा लग्नं चालतात. त्याच्यापुढं आपलं फूल टिकवायचं तर आपल्या फुलाचा ढीग दिसता कामा नये.

केळीच्या सोपटात हार गुंफणारं कोणी चोपडा, रावेर, यावलकडं अजून असेल तर कळवा. जाड हाराला ते गाठ कशी मारतात, ती मला बघायची आहे.